उसन्या मतांचा पक्ष : पराभवानंतर मध्यममार्गी उदारमतवाद्यांचे काय होते?

ब्रिटनमधल्या दोन निवडणुकांचे आकडे आधी शेजारी शेजारी ठेवू. डिसेंबर २०१९ मध्ये लिबरल डेमोक्रॅट्स या पक्षाला ११.६ टक्के मते मिळाली आणि जागा ११. जुलै २०२४ मध्ये त्याच पक्षाला १२.२ टक्के मते मिळाली आणि जागा ७२. मते जेमतेम अर्ध्या टक्क्याने वाढली, जागा साडेसहा पट झाल्या. पहिल्या निवडणुकीत पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच्याच मतदारसंघात १४९ मतांनी पडल्या. दुसऱ्या निवडणुकीनंतर ब्रिटिश संसदेत उदारमतवाद्यांची जेवढी संख्या झाली, तेवढी गेल्या शंभर वर्षांत कधीच नव्हती.

एखादा मध्यममार्गी पक्ष सपाटून हरला की दोन प्रकारची भाकिते लगेच सुरू होतात. एक म्हणते, ‘मधली जागा आता संपली, लोक टोकाला गेले.’ दुसरे म्हणते, ‘नेता बदला, सगळे ठीक होईल.’ वरचे आकडे पाहिले की दोन्ही अपुरी वाटतात. या पक्षांचे मरणे आणि जगणे समजून घ्यायचे तर त्यांना मत देणारा माणूस कोण असतो, इथून सुरुवात करावी लागते.

मोठ्या पक्षांच्या पाठीशी सहसा एखादा समाजगट पिढ्यानपिढ्या उभा असतो. कामगार संघटना, चर्च, शेतकरी, एखादा प्रांत. वडील ज्याला मत देत आले त्यालाच मुलगा देतो. मध्यममार्गी उदारमतवादी पक्षाकडे असा हक्काचा मतदार थोडाच असतो. व्यक्तीचे स्वातंत्र्य, कायद्याचे राज्य, खुला व्यापार, सरकारच्या अधिकारांवर अंकुश, अल्पसंख्याकांचे हक्क या गोष्टी पटणारे लोक सगळ्या थरांत विखुरलेले असतात. ते जाहीरनामा वाचतात, तुलना करतात आणि दर वेळी नव्याने ठरवतात. नागरिक म्हणून हा फार मोठा गुण आहे. पक्षाच्या दृष्टीने मात्र ही वाळूवरची वस्ती.

जर्मन राजकारणात यासाठी एक नेमका शब्द आहे : ‘लाइश्टिमं’, म्हणजे उसने दिलेले मत. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मते असतात. पहिले आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाच्या यादीला. संसदेतले बळ मुख्यतः दुसऱ्या मतावर ठरते आणि पाच टक्क्यांच्या खाली गेलेल्या पक्षाला सहसा काहीच मिळत नाही. त्यामुळे मोठ्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे काही मतदार आपले दुसरे मत लहान उदारमतवादी पक्षाला, म्हणजे फ्री डेमोक्रॅटिक पार्टी ऊर्फ एफडीपीला देत. तो पाच टक्क्यांची रेषा ओलांडेल, मग दोघे मिळून सरकार करतील, असा त्यामागचा हिशोब. जानेवारी २०१३ मध्ये लोअर सॅक्सनी या राज्यात हे उसने देणे जरा जास्तच झाले. एफडीपीला ९.९ टक्के मते मिळाली आणि दोघांचे सरकार मात्र एका जागेने गेले. मोठ्या पक्षाने धडा घेतला आणि त्या सप्टेंबरच्या राष्ट्रीय निवडणुकीत आपली मते वाटायला साफ नकार दिला. एफडीपी ४.८ टक्क्यांवर अडकली. चारच वर्षांपूर्वी १४.६ टक्के मते आणि ९३ जागा मिळवणारा पक्ष १९४९ नंतर पहिल्यांदाच संसदेबाहेर पडला.

केवळ मोठ्या भावाने हात आखडता घेतला म्हणून हे झाले, असे मात्र नाही. २००९ मध्ये हा पक्ष मोठ्या करकपातीचे वचन देऊन सत्तेत गेला. ती करकपात झाली नाही. ठळकपणे झाली ती हॉटेलांवरच्या करातली सूट, १९ टक्क्यांवरून ७ टक्के. आणि त्याच सुमारास हॉटेल व्यवसायाशी संबंधित एका कंपनीकडून पक्षाला मोठी देणगी मिळाल्याचे बाहेर आले. ज्या माणसाने ‘माझा कर कमी होईल’ म्हणून मत दिले होते, त्याच्या लक्षात राहिले ते हॉटेल.

सत्तेतला धाकटा भागीदार होणे हे या पक्षांचे सर्वात मोठे संकट असते आणि ते इतके ठरावीक पद्धतीने घडते की त्यावर थोडे थांबायला हवे. ब्रिटनचे उदाहरण यात सर्वात बोलके आहे.

२०१० च्या निवडणुकीपूर्वी लिबरल डेमोक्रॅट्सच्या उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या : विद्यापीठांच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देऊ. सह्या करतानाचे फोटो काढले गेले. निवडणुकीत २३ टक्के मते आणि ५७ जागा मिळाल्या. कोणालाच बहुमत नव्हते, म्हणून पक्षाचे नेते निक क्लेग यांनी डेव्हिड कॅमरन यांच्या उजव्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाशी आघाडी केली आणि ते उपपंतप्रधान झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शुल्काची कमाल मर्यादा सुमारे ३,३०० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेण्याचा प्रस्ताव आला. पक्षाचे २७ खासदार बाजूने, २१ विरोधात, उरलेल्यांनी मतदानच केले नाही. एका पक्षाची तीन तोंडे देशाने त्या दिवशी पाहिली.

पाच वर्षांत या पक्षाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कमी उत्पन्नावरचा आयकर हटवणे, गरीब मुलांच्या शाळांना जादा निधी, समलिंगी विवाहाचा कायदा, या सगळ्यांत त्यांचा वाटा होता. पण आघाडीत चांगल्या कामाचे श्रेय पंतप्रधानाच्या खात्यावर जमा होते आणि मोडलेले वचन धाकट्याच्या खात्यावर. मतदान पद्धत बदलण्यासाठी त्यांनी आग्रहाने मिळवलेले सार्वमत मे २०११ मध्ये ६८ विरुद्ध ३२ टक्क्यांनी हरले. त्याच दिवशी स्थानिक निवडणुकांत पक्षाने सातशेहून अधिक नगरसेवक गमावले.

मग आली मे २०१५. ५७ पैकी ८ जागा उरल्या. गेलेल्या ४९ जागांपैकी २७ काँझर्व्हेटिव्ह पक्षाने घेतल्या, १२ डावीकडच्या लेबर पक्षाने, १० स्कॉटलंडमधल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने. इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मतदार जर उजव्या पक्षाशी केलेल्या आघाडीवर चिडले होते, तर सर्वाधिक जागा त्याच उजव्या पक्षाला कशा गेल्या? इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात तर पक्षाच्या १५ च्या १५ जागा गेल्या.

उत्तर पुन्हा उसन्या मतांत आहे. त्या भागात लेबर पक्षाला फारसा वाव नव्हता. त्यामुळे डावीकडे झुकणारे हजारो मतदार काँझर्व्हेटिव्ह उमेदवार पाडायचा म्हणून वर्षानुवर्षे लिबरल डेमोक्रॅट्सना मत देत होते. ज्याला अडवण्यासाठी मत दिले त्याच्याच मांडीला मांडी लावून पक्ष बसला, तेव्हा त्यांनी ते मत परत घेतले. कोणी लेबरला दिले, कोणी ग्रीनला, कोणी घरीच बसले. काँझर्व्हेटिव्ह उमेदवाराची मते फारशी वाढायचीही गरज पडली नाही. प्रतिस्पर्धी खाली आला आणि तो आपोआप पहिला झाला. दुसऱ्या बाजूला, आघाडी आवडलेला उजवा मतदार म्हणाला की मग धाकट्याला कशाला, थोरल्यालाच मत देऊ. तेल गेले, तूप गेले, अशी गत झाली.

पराभवानंतरचे पहिले काही आठवडे बाहेरून शांत दिसतात, आत मात्र पक्षाची कंबर मोडत असते. खासदार गेले की त्यांच्या कार्यालयांतले लोक जातात. कायद्याचा मसुदा वाचणारे, आकडे तपासणारे, मतदारांच्या तक्रारी सोडवणारे, म्हणजे पक्षाची खरी स्मृती, एका महिन्यात पांगते. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी मिळणारा सरकारी निधी जागा आणि मते यांच्या हिशोबाने ठरतो, तोही आटतो. २०१५ मध्ये पक्षाच्या ३४१ उमेदवारांची प्रत्येकी ५०० पौंडांची डिपॉझिट जप्त झाली. वाहिन्यांवरच्या चर्चेतली खुर्ची दुसऱ्याला मिळते. २०१३ नंतर एफडीपीचा संसदीय गटच विसर्जित झाला, तिथले सगळे कर्मचारी बेकार झाले.

आणि तरीही त्याच दिवसांत एक उलटी गोष्टही घडते. क्लेग यांनी राजीनामा दिल्यावर काही आठवड्यांत हजारो नव्या लोकांनी पक्षाचे सदस्यत्व घेतले. पक्ष असताना जे गृहीत धरले होते ते जाताना दिसले की काही माणसे आत येतात. माझ्या मते अशा पक्षाचे भवितव्य या नव्या माणसांना काय काम मिळते यावर पुष्कळसे ठरते. त्यांना फक्त इंटरनेटवर वाद घालायला ठेवले तर ती वर्षभरात निघून जातात.

कोणत्या दिशेला वळायचे, हा वाद मग सुरू होतोच. एक गट म्हणतो डावीकडे सरकू, दुसरा म्हणतो उजवीकडे. तिसरा म्हणतो मधोमध राहू आणि दोघांनाही नावे ठेवू. हा तिसरा मार्ग सर्वात सोपा दिसतो आणि सर्वात फसवा आहे. ‘मध्य’ ही स्वतःची जागा नसते, ती इतर दोघे कुठे उभे आहेत यावर ठरते. ते हलले की तुम्ही हलता. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा राहिलेला पक्ष कशासाठी आहे, हे मतदाराला एका वाक्यात सांगता येत नाही.

लिबरल डेमोक्रॅट्सनी एका वाक्यात सांगता येईल असा मुद्दा निवडून पाहिला होता : ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याला, विरोध. मे २०१९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत त्यावर ते जवळपास २० टक्के मते घेऊन दुसरे आले. त्या यशाने डोक्यात वारे शिरले. डिसेंबरच्या निवडणुकीत ‘आमचे बहुमत आले तर ब्रेक्झिट थेट रद्द’ अशी भूमिका घेतली, नेत्याला भावी पंतप्रधान म्हणून पुढे केले आणि जिंकता न येणाऱ्या ठिकाणीही ताकद खर्च केली. ज्या पक्षाकडे वीसेक खासदार होते, त्यातलेही काही दुसऱ्या पक्षांतून आलेले, त्याचे पंतप्रधानपदाचे बोलणे लोकांना पटले नाही. युरोपात राहू इच्छिणाऱ्या कित्येकांनाही ब्रेक्झिटच्या सार्वमताचा कौल असा पुसून टाकणे रुचले नाही. मते चार टक्क्यांनी वाढली आणि जागा १२ च्या ११ झाल्या. पक्षाने नंतर डोरोथी थॉर्नहिल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी करून आपल्याच चुकांचा कठोर अहवाल प्रसिद्ध केला. असा अहवाल उघडपणे छापायला धैर्य लागते आणि पुढच्या पाच वर्षांची बीजे त्यात होती, असे मला वाटते.

ऑगस्ट २०२० मध्ये एड डेव्ही नेते झाले. पक्षाने देशभर सगळ्यांना आवडायचा नाद सोडला. पहिला क्रमांक मिळवणारा जिंकतो, अशा पद्धतीत देशभर विखुरलेली मते जवळजवळ वाया जातात. १९८३ मध्ये या पक्षाच्या पूर्वसुरींना, लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षांच्या आघाडीला, २५.४ टक्के मते मिळून फक्त २३ जागा आल्या होत्या. लेबरला २७.६ टक्क्यांत २०९. उलट १९९७ मध्ये मते एका टक्क्याने घटूनही जागा २० वरून ४६ झाल्या, कारण मोजक्या जागी जोर लावला गेला. तोच धडा पुन्हा गिरवला.

आधी पोटनिवडणुका. जून २०२१ मध्ये लंडनजवळचा चेशम अँड ॲमरशम, डिसेंबरमध्ये नॉर्थ श्रॉपशर, पुढच्या जूनमध्ये टिव्हर्टन अँड हॉनिटन, जुलै २०२३ मध्ये सॉमर्टन अँड फ्रूम. नॉर्थ श्रॉपशरमध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे सुमारे २३ हजारांचे मताधिक्य होते, ते पुसून टाकले. लेबर पक्षाशी कोणताही करार जाहीर झाला नव्हता. पण कुठे कोण दुसरा आहे आणि कोणाला पाडायचे आहे, हे मतदारांनी आपले आपण ओळखले.

मग विषय. डॉक्टरची वेळ मिळत नाही, नद्यांत आणि समुद्रात सांडपाणी सोडले जाते, घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना कोणी विचारत नाही. हे मुद्दे पाहून काही जुने उदारमतवादी नाराज झाले होते. यात स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. खासगी पाणी कंपनीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा झोपली असेल तर नागरिकाने कोणाकडे जायचे, हा सत्तेला जाब विचारण्याचाच प्रश्न आहे. डेव्ही यांनी लहानपणी आजारी आईची सेवा केलेली होती आणि अपंग मुलाचे संगोपन ते करत आहेत. ते त्यावर बोलले तेव्हा ऐकणाऱ्याला ते शिकवलेले वाटले नाही. प्रचारात ते तलावात पडले, बंजी उडीही मारली. कॅमेरे त्यासाठी आले आणि तिथे त्यांनी सांडपाण्याचा विषय काढला.

पण सर्वात मोठे काम न दिसणारे होते. १९७० मध्ये ईस्टबोर्नच्या अधिवेशनात तेव्हाच्या लिबरल पक्षाने ‘समुदायाचे राजकारण’ हा ठराव केला होता. निवडणूक नसतानाही वस्तीत काम करा, लोकांना त्यांचे प्रश्न स्वतः हाताळता येतील असे बळ द्या. त्यातून गल्लीपुरत्या बातम्यांची पत्रके घरोघर टाकायची सवय लागली. पक्ष संसदेत आठावर आला होता तेव्हाही काही नगरपरिषदांत ही सवय टिकून होती. मे २०१९ मध्ये त्यांनी सातशेहून अधिक नगरसेवक परत मिळवले आणि २०२४ च्या ७२ जागांपैकी कित्येक त्याच भागांतल्या आहेत. नगरसेवकाला दिलेले मत सहसा उसने नसते. त्याने दिवा लावून दिलेला असतो, फोन उचललेला असतो.

एफडीपीनेही २०१३ नंतर राज्यांतूनच वाट काढली. ख्रिश्चन लिंडनर नेते झाले. २०१५ च्या सुरुवातीला पक्षाने आपल्या पिवळ्या-निळ्यात भडक गुलाबी रंग घातला, हॅम्बर्गमध्ये ७.४ टक्के मते घेतली, मग ब्रेमन, मग २०१७ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियात १२.६ टक्के. त्याच वर्षी १०.७ टक्क्यांनी तो संसदेत परतला. २०२१ मध्ये पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांत ग्रीन आणि एफडीपी हेच दोन आघाडीवर होते. पण नंतर सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांच्याबरोबरच्या तीन पक्षांच्या सरकारात जुनीच कथा घडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढले. सरकार सोडण्याची तयारी पक्षात आधीपासून चालली होती आणि त्या कागदात ‘डी-डे’ हा युद्धातला शब्द वापरला होता, हेही उघड झाले. सरचिटणीसांना पायउतार व्हावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.३ टक्के, आणि पक्ष पुन्हा बाहेर. पहिल्या पुनरुज्जीवनाचा सगळा भार एका माणसावर होता आणि या वेळी तो माणूसही निवृत्त झाला.

नियम किती फरक पाडतात ते नेदरलँड्समध्ये दिसते. तिथला डी-सिक्स्टी-सिक्स हा पक्ष २००६ मध्ये दोन टक्क्यांवर घसरला होता. जर्मनीत तो संपला असता. तिथे पाच टक्क्यांची भिंत नाही, म्हणून १५० पैकी ३ जागा मिळाल्या. तीन खासदार म्हणजे तीन कार्यालये, तीन आवाज. ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉब येटन यांच्या नेतृत्वाखाली त्याच पक्षाने २६ जागा आणि देशात सर्वाधिक मते घेतली. घरे बांधण्याचा ठोस कार्यक्रम होता, राष्ट्रध्वज उजव्यांना आंदण न देता स्वतः हाती घेतला होता आणि सूर आशेचा होता. मधल्या जागेला गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्यांनी हा निकाल पाहावा.

उलट टोकाला ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स. डॉन चिप यांनी १९७७ मध्ये स्थापलेला हा पक्ष सिनेटमध्ये दोन मोठ्या पक्षांवर लगाम ठेवणारा म्हणून ओळखला जाई. १९९९ मध्ये त्याने सरकारशी वाटाघाटी करून वस्तू व सेवा कराला पाठिंबा दिला. मूलभूत अन्नपदार्थ करातून वगळून घेतले, तरी त्याच्याच दोन सिनेटरांनी विरोधात मत दिले. मग नेते बदलत राहिले, भांडणे चव्हाट्यावर आली, मतदार ग्रीन पक्षाकडे गेले. जून २००८ अखेर शेवटचे सिनेटर बाहेर पडले आणि २०१५ मध्ये पुरेसे सदस्य दाखवता न आल्याने नोंदणी रद्द झाली. लगाम ठेवणे एवढीच ओळख असलेल्या पक्षाने तो एकदा सैल सोडला, मग त्याच्याकडे सांगायला दुसरे काही उरले नाही.

कॅनडाच्या लिबरल पक्षाचे उदाहरण अनेक जण देतात : २०११ मध्ये ३४ जागा, २०१५ मध्ये १८४. ते उत्साह देणारे असले तरी जपून वापरावे. तो पक्ष विसाव्या शतकात बहुतेक काळ सत्तेत होता. देशभर त्याची मुळे होती आणि लोकांना तो सरकार चालवणारा म्हणून माहीत होता. लहान पक्षाकडे अशी वडिलोपार्जित जमीन नसते.

आता लिबरल डेमोक्रॅट्सच्या ७२ जागांकडे परत येऊ. त्यातल्या बहुतेक काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून घेतलेल्या आहेत आणि त्या वेळी त्या पक्षावर लोक विटलेले होते. म्हणजे यातही उसने बरेच आहे. शिवाय पक्ष जिथे दुसऱ्या क्रमांकावर आहे असे मतदारसंघ तीसही नाहीत. रिफॉर्म यूके हा उजवा पक्ष २०२४ मध्ये ९८ ठिकाणी दुसरा होता. पुढची निवडणूक २०२९ च्या ऑगस्टपर्यंत व्हायची आहे. तेव्हा दक्षिण इंग्लंडमधल्या एखाद्या गावात पन्नाशीची एक बाई मतपत्रिका हातात घेईल. २०२४ मध्ये तिने सरकारवरच्या रागातून मत दिले होते. तो राग तोवर शिळा झालेला असेल. मधल्या पाच वर्षांत तिच्या खासदाराने गावातल्या नदीचे, दवाखान्याचे काय केले, एवढ्यावर ती ते मत परत घ्यायचे की राहू द्यायचे हे ठरवेल.